घरघर गिटारमध्ये नव्हतीच : साडेतेवीस हजारांच्या ‘अपग्रेड’ची गोष्ट

माझ्याच गिटारचे पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडून विजेत बदलणारे भाग, मी ऑगस्टमध्ये साडेसहा हजार रुपये मोजून विकत घेतले. हे लिहितानाही कान गरम होतात. पण आपल्याकडच्या दोन-तीन पोरांनी नव्या गिटार घेतल्यात आणि ‘सर, पिकअप बदलू का?’ म्हणून विचारतायत, तेव्हा एकदाचं सगळं सांगून टाकतो. ज्यानं फसवलं त्याचं नाव, दुकान, गल्ली यातलं काहीही लिहिणार नाही. तक्रारीचे कागद तयार होतायत, ते त्यांच्या जागी.

मी परभणीत राहतो, गणित शिकवतो, आणि लग्नसराईत, गणपतीत एका ऑर्केस्ट्रात वाजवतो. पंधरा वर्षं एकाच सॉलिड बॉडी, म्हणजे भरीव लाकडाच्या, गिटारवर निभावलं. मध्यंतरी वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता जमा झाला आणि बायकोच म्हणाली, “घेऊन टाका एकदाची, नाहीतर म्हातारपणी फोटोच बघत बसाल.” घेतली. एपिफोनची ईएस-३३५, चेरी रंगाची, छप्पन हजारांची.

ही गिटार अर्धी पोकळ असते. दोन्ही बाजू पोकळ, वर व्हायोलिनसारख्या दोन नागमोडी खाचा, आणि मधोमध मात्र लाकडाचा सलग ठोकळा. एपिफोनची मालक कंपनी गिब्सन, तिनं १९५८ मध्ये ही रचना बाजारात आणली. पूर्ण पोकळ गिटार मोठ्या आवाजात वाजवली की स्पीकरमुळे तिचंच पोट थरथरायला लागतं आणि शिट्टी सुरू होते. मधल्या ठोकळ्यानं ते बरंच आटोक्यात येतं. ब्लूजचे मोठे वादक बी. बी. किंग तर याच घराण्यातल्या आपल्या गिटारच्या खाचांत कापड कोंबायचे. पुढं त्यांच्या नावाची गिटार निघाली तिला खाचाच ठेवल्या नाहीत. बिनखर्चाचा बदल म्हणतात तो असा.

आणखी एक गोष्ट, जी मला घेताना माहीत होती पण तिचा अर्थ नंतर कळला. या गिटारला मागं झाकण नसतं. पॉट (नॉबखालचा भाग), कंडेन्सर, स्विच, सगळं त्या खाचेतून आत सारायचं आणि दोऱ्यानं ओढून भोकाशी आणायचं. म्हणजे आत काय बसवलंय हे मालकाला सहसा कधीच दिसत नाही.

घरी आणून अ‍ॅम्पला लावली आणि मागून सतत घरघर. तारांना हात लावला की कमी, सोडला की पुन्हा चालू. मला वाटलं, हंबकर पिकअप आहेत, यांचं तर नावच घरघर मारणारे असं आहे. दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडलेल्या असतात, त्यामुळे विजेची ५० हर्ट्झची गुणगुण एकमेकींत कटते. मग ही का कटत नाही? म्हणजे माझाच पीस खराब. त्यात एप्रिल लागला. परभणीचा एप्रिल तुम्हाला सांगायला नको. गळ्याच्या कडेनं फ्रेटची, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बोटाला टोचायला लागली.

खरं सांगायचं तर घरघर हे निमित्त होतं. रोज रात्री जेवणं झाली की मी पिकअप बदलण्याचे व्हिडिओ बघत होतो. गिटार दोन महिन्यांची झाली नव्हती आणि तिच्यात काय काय कमी आहे याची यादी माझ्याकडे पानभर तयार होती. समोरच्या माणसाला फार काही करावंच लागलं नाही. यादी मीच घेऊन गेलो होतो.

आमच्या कीबोर्डवाल्यानं छत्रपती संभाजीनगरच्या एका कारागिराचा नंबर दिला आणि वर हसून म्हणाला, “सर, बघा बरं का. बनी तो बनी, नहीं तो परभणी.” आमच्या गावावरची जुनी म्हण. मीही हसलो.

रविवारी सकाळच्या गाडीनं गेलो. माणूस गोड. चहा मागवला, गिटार हातात घेतली, गळ्यावरून डोळा लावून बघितलं आणि जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ केलं. तो ‘च्च’ मला अजून ऐकू येतो. “सर, बॉडी एक नंबर. पण पिकअप कंपनीनं कसेही टाकलेत. पॉट तर खेळण्यातले. आणि गळ्यात डिफेक्ट आहे, बघा, फ्रेट बाहेर यायलेत.” मग त्यानं गिटार त्याच्या अ‍ॅम्पला लावली आणि खोलीभर घरघर. “ऐकलाव?” मी ऐकलं. गेनचा, म्हणजे आवाज फुगवायचा, नॉब कुठं होता ते बघितलं नाही.

फ्रेटचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, फ्रेटचा धातू आक्रसत नाही, म्हणून टोकं बाहेर डोकावतात. पावसाळ्यात बरीचशी आपोआप आत जातात. टोकं घासून घेणं हे चांगलं काम आहे, पण तो गळ्यातला दोष नव्हे.

हिशेब असा झाला : ‘इम्पोर्टेड, जुन्या पद्धतीचे’ पिकअप १७,०००, पॉट आणि ‘ऑइलचे’ कंडेन्सर २,८००, फ्रेट २,५००, मजुरी २,२००. एकूण २४,५००. त्यातून हजार कमी, कारण जुने पिकअप तो ठेवून घेणार. “त्याला कोण विचारतंय सर, भंगारच आहे. तुम्ही नेऊन काय करणार?” मला ते पटलं. बारा हजार तिथंच यूपीआयनं दिले. नाव दुसऱ्याचंच आलं तर म्हणाला, मेव्हण्याचं खातं आहे. बिल मागितलं तर, “बिल केलं तर जीएसटी लागंल की.” तेही पटलं. शाळेत पोरं शंभरातून वजाबाकी चुकली तर मी वही फेकतो, आणि इथं मी मुंडी हलवत बसलो होतो.

आठ दिवसांनी गिटार आणायला गेलो. त्यानं वाजवून दाखवली. आवाज जोरकस, घरघर नाही. नव्या पिकअपच्या पाठीवरचा ‘पेटंट अप्लाइड फॉर’ असा बारीक स्टिकर फोनमधल्या फोटोत दाखवला. १९५७ पासून गिब्सनच्या पहिल्या हंबकरांवर असा स्टिकर असायचा हे मला व्हिडिओंनी शिकवलं होतंच. स्टिकर कुणीही छापू शकतो हे कुठल्या व्हिडिओत नव्हतं. राहिलेले ११,५०० दिले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत.

आवाजाची गंमत अशी की दोन आवाजांत जो थोडा मोठा, तो कानाला चांगला वाटतो. विकणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. जास्त ताकदीचे पिकअप आणि गेन खाली, एवढ्यावर माझं समाधान झालं होतं.

मे महिन्यात सेलूला एका लग्नात वाजवली. घरघर नाही. मी कीबोर्डवाल्याला म्हटलं, “बघ, बनी!” घरी आलो, अ‍ॅम्प लावला, आणि घरघर जशीच्या तशी. शिवाय गोडवा गेला होता. जॅझच्या चार कॉर्ड वाजवायला मी ही गिटार घेतली, त्या आता पत्र्यावर खडे टाकल्यासारख्या वाजत होत्या. व्हॉल्यूमचा नॉब फिरवला की खरखर. पुन्हा फोन केला. “सर, पिकअप मुरावे लागतात. सहा महिने वाजवा.” नंतर फोन उचलणं बंद.

आमच्या गल्लीच्या तोंडाला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या जळालेल्या पाणबुडी मोटारी भरायचं काम. दुकानवाल्यांना सगळे मामू म्हणतात. गिटार त्यांनी आयुष्यात उघडली नव्हती, पण मी म्हटलं, आत तांब्याच्या तारेची गुंडाळीच आहे, तर चष्मा पुसून उठले. चार स्क्रू काढून पिकअप वर उचलला, कव्हरचे दोन डाग सोडवले. केसाहून बारीक तार बघून पहिल्यांदा खूश झाले. अशा एका गुंडाळीला पाचेक हजार वेढे असतात म्हटल्यावर “या अल्ला” म्हणाले. मग खालची काळी पट्टी नखानं खरवडली आणि म्हणाले, “सरजी, ये चुंबक तो फेराइट है. स्पीकर में आता वो.”

मला जे सांगून विकलं होतं त्यात आल्निकोची, म्हणजे रुपेरी धातूची पट्टी हवी होती. माझ्या मूळ पिकअपांत ती होती. फेराइट वाईटच असतं असं नाही, काहीजण कडक आवाजासाठी मुद्दाम घेतात. पण मी आल्निकोचे पैसे दिले होते, आणि माझे आल्निको देऊन वर दिले होते. पॉट नखाएवढे, सगळ्यात स्वस्तातले. आणि ‘ऑइलचा’ कंडेन्सर बघून मामूंनी विचारलं, किती मायक्रोफॅरड? ०.०२२. पंख्याला अडीचचा लागतो, म्हणजे हा त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही लहान. किंमत ऐकून ते काही बोलले नाहीत, नुसतं पोराला म्हणाले, सर के लिए चाय ला.

मग घरघरीचा विषय निघाला. हात लावल्यावर कमी होते म्हटल्याबरोबर त्यांनी मल्टिमीटर उचललं आणि गिटार तिथंच ठेवून माझ्या घराकडं निघाले. अ‍ॅम्पच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये काटे घातले : ३८ व्होल्ट. दोन-तीनच्या वर असू नये. घरामागचा अर्थिंगचा खड्डा बघितला तर माती भेगाळलेली. बारा वर्षांपूर्वी मीठ-कोळसा घालून केलेला, त्यानंतर कुणी तांब्याभर पाणी ओतलं नव्हतं. दोन बादल्या ओतल्या, मिठाची पिशवी सोडली. संध्याकाळी आकडा सहावर आला आणि घरघर जवळजवळ गेली. ती अर्थिंगची होती, म्हणून हंबकरनं कटत नव्हती. जुन्या सॉलिड बॉडीला ती का येत नव्हती? येत असणार. तिला मी घरी कधी अ‍ॅम्पच लावला नव्हता.

मामू एक गोष्ट रागावून बोलले, ती प्रत्येकानं ऐकावी. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अर्थिंग मेलेली असेल आणि कुठं लीकेज झालं तर करंट तारांवर येतो, म्हणजे बोटांत. मी पिकअपवर साडेतेवीस हजार घातले आणि घरात पोरं त्याच तारा छेडत होती.

ऑगस्टमध्ये जुन्या वस्तूंच्या जाहिराती चाळत होतो. ‘नवीकोरी हंबकर जोडी, ३३५ मधून काढलेली, ९,०००.’ फोटोत पुढच्या पिकअपच्या कोपऱ्यावर आडवा ओरखडा. तो ओरखडा माझ्या धाकट्यानं कंपासच्या टोकानं दुसऱ्याच दिवशी काढलेला, आणि त्यावरून घरात रडारड झालेली. भावाच्या फोनवरून फोन लावायला सांगितलं. तिकडून तोच गोड आवाज : “एक नंबर माल आहे दादा. एका सरांनी अपग्रेड केलं, त्यांचे आहेत.” भंगार म्हणून हजारात घेतलेली वस्तू.

बायको म्हणाली, आपलीच वस्तू विकत घ्यायची? घेतली. घासाघीस करून साडेसहा हजारांत, भावाच्या खात्यावरून, आणि पैसे गेले त्याच मेव्हण्याच्या नावावर. कुरिअर आलं, मामूंनी बसवले. यावेळी बदलण्याआधी आणि नंतर मी गुंडाळ्यांचा रोध मोजून घेतला. गिटारला केबल लावायची, व्हॉल्यूम पूर्ण, स्विच एकेका पिकअपवर, आणि केबलच्या दुसऱ्या बाजूच्या पिनच्या अणीला व दांड्याला मल्टिमीटरचे काटे. माझे ७.९ आणि ८.१ किलोओहम. त्यानं बसवलेले दोन्ही साडेचौदाच्या वर होते. या आकड्यावरून आवाज कसा हे कळत नाही, पण वस्तू तीच आहे का हे कळतं. पंधरा मिनिटांचं काम. गिटार कारागिराकडे टाकण्याआधी हे आकडे, पिकअपच्या पाठीचे फोटो आणि जुने सुटे भाग परत देण्याचं कबूल करणारा एक मेसेज, एवढं जरी माझ्याकडं असतं तर आज बोलायला तोंड असतं.

बिल नाही म्हणून मी आधी गप्प होतो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तेव्हा धीर आला. यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं हेही पुराव्याला जोडता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. माझ्याकडं आता ओरखड्याचे दोन फोटो आहेत, एक धाकट्याच्या वाढदिवसाचा आणि एक त्याच्या जाहिरातीतला. तिन्ही वेळचे पैसे एकाच खात्यात गेलेत. अर्जाचा मसुदा झालाय, दिवाळीच्या सुट्टीत दाखल करणार.

तोवर दर रविवारी खड्ड्यात एक बादली. ते काम धाकट्याकडं दिलंय.