जुन्या लॅपटॉपमध्ये रॅम टाकावी की व्हर्च्युअल मेमरी वाढवावी?

इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्डडिस्क आणि विंडोज १०. २०१४-१५च्या सुमारास घेतलेले असे लॅपटॉप अजून कितीतरी घरांत रोज चालू होतात. क्रोममध्ये पाच-सहा टॅब, शेजारी एक्सेल आणि त्यात झूमची मीटिंग आली की ते अडकतात, आणि हार्डडिस्कचा दिवा विझायचं नाव घेत नाही. अशा वेळी सल्ले दोन मिळतात. दुकानदार म्हणतो, रॅम टाकून घ्या. यूट्यूबवरचा व्हिडिओ म्हणतो, पैसे कशाला घालवता, सेटिंगमध्ये जाऊन व्हर्च्युअल मेमरी १६ जीबी करा. हे दोन उपाय एकाच दुखण्यावरचे नाहीत, म्हणून आधी दुखणं कुठलं ते ओळखायला हवं.

विंडोज प्रत्येक प्रोग्रॅमला पत्त्यांची स्वतंत्र जागा देते. प्रोग्रॅमला वाटतं ही सगळी मेमरी आपलीच. प्रत्यक्षात ४ केबीच्या एकेका पानाला गरज पडेल तशी खरी रॅम जोडली जाते. रॅम भरत आली की विंडोज १० काही पानं रॅममध्येच दाबून, लहान करून ठेवते, आणि तरीही जागा पुरली नाही तर बराच वेळ न वापरलेली पानं डिस्कवरच्या पेजफाईलमध्ये नेते. व्हर्च्युअल मेमरीच्या सेटिंगमध्ये आपण जो आकडा वाढवतो तो या पेजफाईलचा. मूळ कल्पना जुनी आहे: मँचेस्टर विद्यापीठाच्या अ‍ॅटलस संगणकात १९६२मध्येच महागडी मुख्य मेमरी आणि स्वस्त चुंबकीय ड्रम मिळून प्रोग्रॅमला एकच मोठी मेमरी दिसत असे.

फरक आहे तो वेगात. रॅममधली माहिती हाती यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या हार्डडिस्कला एक पान शोधून आणायला १० मिलिसेकंद किंवा जास्तच. रॅमला १ सेकंद लागतो असं धरलं, तर त्याच मापाने हार्डडिस्कला एक दिवस उलटून जाईल. हार्डडिस्कच्या जागी बसणाऱ्या, फिरता भाग नसलेल्या साध्या साटा एसएसडीला पंधरा-सोळा मिनिटं लागतील. पेजफाईल १६ जीबी केली म्हणून यातलं काहीही बदलत नाही. मोबाइलच्या जाहिरातीत ‘८ + ८ जीबी रॅम’ असं दिसतं, त्यातल्या दुसऱ्या आठलाही हेच लागू आहे. ती स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा असते.

मग पेजफाईल वाढवायची कधी? ‘मेमरी कमी आहे’ असा संदेश येत असेल, किंवा मोठी फाइल उघडताना प्रोग्रॅम धाडकन बंद पडत असेल, तेव्हा. रॅम आणि पेजफाईल यांची बेरीज म्हणजे विंडोज सगळ्या प्रोग्रॅमना मिळून किती मेमरी कबूल करू शकते त्याची मर्यादा. ती वाढली की बंद पडणं थांबतं, पण काम वेगाने होत नाही. आकार विंडोजला स्वतः ठरवू देणं उत्तम. फक्त सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर पेजफाईलला वाढायला जागाच उरत नाही, तेव्हा आधी तिथली साफसफाई करा. पेजफाईल पूर्ण बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर ४ जीबीच्या मशीनवर तो मुळीच ऐकू नका. ‘रॅम क्लीनर’ नावाचे प्रोग्रॅमही काढून टाका. ते चालू प्रोग्रॅमची पानं जबरदस्तीने रॅमबाहेर काढतात आणि पुढच्याच क्लिकला ती परत आणावी लागतात.

खर्च करण्याआधी हे एकदा कराच. नेहमीचं सगळं काम उघडं ठेवा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. समजा ‘इन यूज’ ३.४ जीबी आणि ‘कमिटेड’ ६.२/७.९ जीबी दिसतंय. ६.२ ही प्रोग्रॅमना कबूल केलेली मेमरी, ७.९ ही मर्यादा. कबूल केलेलं सगळं वापरात असतंच असं नाही, पण रॅमच्या दीडपट आकडा सतत दिसत असेल तर रॅम कमी पडते आहे. खात्रीसाठी रिसोर्स मॉनिटर उघडून दर सेकंदाचे ‘हार्ड फॉल्ट्स’, म्हणजे पान रॅममध्ये नसल्याने डिस्कवरून आणावं लागल्याचे प्रसंग, बघा. टॅब बदलताना मधूनच उसळी आली तर काळजी नको. काही नवीन उघडत नसतानाही शेकड्यांनी येत राहिले, तर मशीनचा वेळ पानांची ने-आण करण्यातच जातो आहे. तिथे रॅमशिवाय खरा इलाज नाही, आणि ४ची ८ जीबी केली की फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

रॅम घेताना टास्क मॅनेजरच्या त्याच खिडकीत किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. ‘१ ऑफ २’ असेल तर काम सोपं: आहे ती राहू द्या आणि ४ जीबीची तशीच दुसरी टाका. दोन रॅममुळे माहितीच्या ने-आणीला दोन वाटा (चॅनल) मिळाल्या की रॅमच वापरणाऱ्या इंटेल ग्राफिक्सलाही फायदा होतो. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ आलं तर रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली आहे. वेगळा स्लॉट आहे का ते मॉडेलच्या माहितीत बघा. या पिढीच्या लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. १.५ व्होल्टची जुनी डीडीआर३ दिसायला तशीच असते, खाचेत बसतेही, पण मशीन बहुधा सुरूच होत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात वापरलेली रॅम घेणार असाल तर लेबलवर ‘पीसी३एल’ ही डीडीआर३एलची खूण वाचूनच पैसे द्या. आणि विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम तिला वापरता येत नाही, तेव्हा आधी ६४ बिट टाकावी लागेल.

हार्ड फॉल्ट्स कमी आहेत, पण मशीन सुरू व्हायला चार-पाच मिनिटं लागतात आणि डिस्क सतत १०० टक्क्यांवर असते? मग पैसे साटा एसएसडीत घाला. रॅम सोल्डर केलेली असेल आणि दुसरा स्लॉट नसेल तरी हाच मार्ग, कारण पेजफाईल एसएसडीवर गेली की तिचा त्रास बराच कमी होतो. पेजफाईलमुळे एसएसडी लवकर मरेल ही भीती मनातून काढून टाका. १५० टेराबाइट लिखाणाची हमी असलेल्या २५० जीबीच्या ड्राइव्हवर रोज २० जीबी लिहिलं तरी तो आकडा गाठायला वीस वर्षं लागतात. रॅम आणि एसएसडी दोन्ही परवडत असतील तर दोन्ही करा. अशा लॅपटॉपचं आयुष्य त्याने खरोखर वाढतं. बजेटमध्ये एकच बसत असेल तर हार्ड फॉल्ट्सचा आकडा सांगेल तसं करा.

काहीच खर्च करायचा नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकून पाहा. ४ जीबीत ती नीट चालते. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाही, त्यामुळे रॅम घेतली तरी हा विचार कधीतरी करावाच लागणार आहे. रॅम आणि एसएसडी मात्र लिनक्सखालीही तितकीच उपयोगी पडतात.

नवी रॅम बसवल्यावर दुकानातून निघण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये पूर्ण ८ जीबी दिसते का ते बघा, आणि घरी आल्यावर रात्री विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक ही विंडोजमधलीच रॅमची तपासणी एकदा पूर्ण चालू द्या. चूक सापडली तर दुसऱ्याच दिवशी रॅम बदलून घ्या.