वाऱ्याचं ॲप घ्यावं का? सोलापुरातून रिव्ह्यू

ॲपचं नाव मुद्दाम टाकत नाही, खाली थोड्या शिव्या पण आहेत. जगाचा नकाशा आणि त्यावर वारा पांढऱ्या रेघांनी वाहताना दिसतो ना, ते. आधी फ्री वापरलं, मग प्रीमियमचे पैसे भरले.

पहिलंच सांगतो, "आज जुळे सोलापुरात पाऊस येईल का" एवढंच बघायचं असेल तर घेऊ नका बे. वळवाचा ढग दुपारी तापून जागच्या जागी तयार होतो, तो असतो पाच-दहा किलोमीटरचा, आणि ॲप ज्या कॉम्प्युटरच्या गणितावर (मॉडेलवर) अंदाज दाखवतं ते जगाचे चौकोन पाडतं, चांगल्यातल्या चांगल्या जागतिक मॉडेलचा एक चौकोनच साधारण 9 किमीचा, मग होटगीत कोसळतोय आणि अक्कलकोट रोड कोरडा ठणठणीत हे त्याला कळणार कसं. मामांचं कासेगावला बेदाण्याचं शेड आहे, एप्रिलमध्ये ॲपवर दिवसभर उघडीप आणि दुपारी चारला वाऱ्यासकट असा सडकून आला की ताडपत्री ओढेपर्यंत कडेच्या जाळ्या भिजल्या. बेदाणा काळा पडला की व्यापारी हात पण लावत नाही. मामा अजून मला ॲपवरनं टोमणे मारतात.

पण नकाशा बारीक करून अख्खं जग बघायला लागलात की पैसे वसूल. विषुववृत्ताजवळ ढगांचा एक पट्टा दिसतो, तुटक तुटक, पण जवळजवळ पृथ्वीभर. तिथं ऊन वर्षभर सरळ पडतं, ध्रुवाकडं तेच ऊन तिरकं होऊन जास्त जागेवर पसरतं, म्हणून तापतं ते मधेच. तापलेली दमट हवा वर चढते, थंड होते, पाऊस पाडते, आणि 15-16 किमीवर गेल्यावर पुढं वाट नाही म्हणून उत्तर-दक्षिणेला सरकते आणि 30 अंशांच्या आसपास कोरडी होऊन खाली उतरते. सहारा तिथंच का आहे ते ॲपमध्ये नुसतं बोट फिरवलं तरी दिसतं, ढगाचा लेयर लावा, सगळं साफ. खाली आलेली हवा जमिनीलगत परत विषुववृत्ताकडं निघते, पण पृथ्वी फिरतेय म्हणून सरळ न जाता वळते, तेच व्यापारी वारे. धूमकेतूवाल्या हॅलीनं 1686 मध्ये तापण्याचा मुद्दा बरोबर पकडला होता पण वारे पूर्वेकडनं का येतात ते त्याला जमलं नाही, पृथ्वीच्या फिरण्याचा धागा हॅडलीनं 1735 मध्ये जोडला. शाळेत हे पाठ केलं होतं, इथं ते चालताना दिसतं.

आता आपल्या कामाचं. सोलापूर साधारण 17.7 अंश उत्तरेला, म्हणजे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि परत ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य बरोबर डोक्यावर, गच्चीवर उभं राहिलं तर दुपारी सावली पायाखालीच. सूर्य उत्तरेला आला की तो ढगांचा पट्टा पण मागनं सरकतो, आणि जूनमध्ये दक्षिण गोलार्धातले वारे विषुववृत्त ओलांडून उजवीकडं वळतात आणि नैऋत्येकडनं आपल्याकडं येतात. सोमालियाच्या किनाऱ्याजवळ लालजांभळा जाड पट्टा दिसला की समजा मशीन चालू झालंय. प्रीमियममध्ये उंचीची पट्टी मिळते, तिची खरी मजा आहे. तिच्यावरचे आकडे हवेच्या दाबाचे (हेक्टोपास्कल) असतात, आकडा कमी तेवढी उंची जास्त. जुलैत ती 850 वर ठेवा, म्हणजे साधारण दीड किमी, वारा पश्चिमेकडनं. तीच ओढत 150 वर न्या, म्हणजे 14 किमीच्या आसपास, की अख्खा वारा उलटा, पूर्वेकडनं पश्चिमेला! खालनं आलेली हवा वर जाऊन परत निघालीय. मी त्या एका स्क्रीनसाठी पैसे भरले म्हणा.

आणि तिथंच आपली रड पण दिसते. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात, महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिमीच्या वर आणि आपल्याला कसेबसे 700-750, जुलैत आपल्याकडं नुसता भणाण वारा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं 2018 आणि 2019 ला ढगात बीज पेरण्याचे प्रयोग करायला सोलापूरच निवडलं ते उगीच नाही. म्हणून माझी पद्धत अशी, जुलैत सोलापूरचा पाऊस बघतच नाही, पुणे जिल्ह्यातला बघतो, आपलं उजनी धरण त्याच्यावर भरतं. आपला पाऊस बघायचा तो सप्टेंबरात.

बाकी तक्रारी. मराठी भाषांतर म्हणजे नुसता वैताग, बॅटरी खातं, आणि वर्ष संपलं की न विचारता परत पैसे कापतं, ते सेटिंग पहिल्या दिवशीच बंद करा. कस्टमर केअरला मेल टाकला तर मशीनचंच उत्तर येतं.

5 पैकी साडेतीन. बेदाणावाले, द्राक्षवाले यांनी वळवासाठी रडारचं चित्र बघावं आणि चारच्या आत ताडपत्री बांधून ठेवावी. प्रीमियम घ्यायचंच असेल तर मेच्या शेवटी घ्या, हिवाळ्यात घेऊन काय बघणार.