आठ महिने भिंतीवर: प्राचीन अमेरिकेचा कालपट

जूनमध्ये घेतला, आता फेब्रुवारी. जेवणाच्या टेबलासमोर लावलाय, त्यामुळे रोज नजर जातेच. चार फूट उंच, वरून खाली इ.स.पू. 3000 ते इ.स. 1600, आणि प्रत्येक संस्कृतीची एक रंगीत उभी पट्टी.

आधी तक्रार उरकतो. पावसाळ्यात ओल धरली, लॅमिनेशनखाली फुगे आले आणि सोबतच्या डबल टेपने दुसऱ्याच आठवड्यात मान टाकली. शेवटी खिळे ठोकले.

माहिती मात्र दमदार. पेरूतलं काराल शहर इजिप्तच्या पिरॅमिडांच्या काळातलं, हे मला ठाऊकच नव्हतं. मातीचं मडकं नाही, पण पायऱ्यापायऱ्यांचे पिरॅमिड बांधले! आणि दक्षिण अमेरिकेतले इंका? साम्राज्याचा एवढा दबदबा, पण 1438 ते 1532 ही पट्टी जेमतेम इंचभर.

खरी खटकणारी गोष्ट मला चार महिन्यांनी दिसली. प्रत्येक पट्टी कात्रीने कापल्यासारखी सरळ संपते. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांची 900 ला. मुलीने वरणभात खाताखाता विचारलं, "बाबा, त्या वर्षी सगळे मेले?"

काय सांगणार? मग शोधाशोध केली. होंडुरासमधल्या कोपान या माया शहरात 822 सालचा एक चौकोनी दगड आहे, उकित तूक या राजाच्या राज्यारोहणाचा. एक बाजू पूर्ण कोरलेली, दुसरी सुरू करून सोडलेली, उरलेल्या दोन कोऱ्या. पुढे कोरायला कोणी उरलंच नाही बहुधा. तिकालमध्ये शेवटचा तारीखवार शिलास्तंभ 869 चा, तोनिनात 909 चा. म्हणजे एकेक शहर वेगवेगळ्या वेळी विझत गेलं. लांबलेले दुष्काळ, आपसातल्या लढाया, राजांवरचा उडालेला विश्वास. माणसं मेली तशी उठून दुसरीकडे गेलीही. उत्तरेत चिचेन इत्झा हे माया शहर तेव्हाच भरात येत होतं. सरोवरातल्या बेटावरचं माया शहर नोहपेतेन तर स्पॅनिशांच्या हाती पडलं थेट 1697 ला. तेव्हा आपले राजाराम महाराज जिंजीत होते!

मी स्केचपेनने 900 पासून खाली तुटक रेघ ओढली. कागद 1600 लाच संपतो, म्हणून 1697 साठी ती इंचभर भिंतीवर उतरली. बायको भडकली. माया भाषा आजही लाखो लोक बोलतात हे मुलीला कळल्यापासून ती रेघ आजपर्यंत आणायला आणखी साडेतीन इंच मागतेय.

पाचपैकी साडेतीन तारे. टेप वेगळी घ्या.