मानेच्या दुखापतीनंतर स्लीप स्टडी: घरी की लॅबमध्ये?

मानेच्या मणक्याला मार बसून हातपाय गेलेला माणूस दिवसभर पेंगतो, सकाळी डोकं जड असतं, रात्री घोरता घोरता मधेच श्वास थांबतो. अशांमध्ये झोपेतली श्वासाची तक्रार इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळते. डॉक्टर स्लीप स्टडी (रात्रभर झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजणारी तपासणी) लिहून देतात आणि घरात खल सुरू होतो: मशीन घरी मागवायचं की एक रात्र लॅबमध्ये काढायची? बहुतेक जण घरचा पर्याय धरतात. गैर काही नाही, फक्त त्या रिपोर्टवर कितपत विसंबायचं ते ठाऊक हवं.

घरच्या किटमध्ये नाकाशी नळी, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिमीटर, एवढंच. आपली एअर मॅट्रेस, सवयीचा मदतनीस, कूस बदलण्याच्या आणि कॅथेटरच्या (लघवीच्या नळीच्या) वेळा, सगळं जिथल्या तिथं. खर्चही कमी. बोटं आखडलेली असतील तर क्लिप निसटते. कानाच्या पाळीला लावायचा सेन्सर मिळेल का, हे आधीच विचारा.

गोम आकड्यात आहे. माणूस झोपलाय की छताकडे बघत पडलाय, हे या किटला सहसा कळत नाही. ८ तास रेकॉर्डिंग, त्यातली झोप ५ तास, श्वास १०० वेळा अडला असं समजा. किट भागाकार ८ ने करतं: तासाला १२.५, म्हणजे सौम्य. खरा हिशेब ५ ने, म्हणजे तासाला २०, मध्यम. दुखण्यामुळे आणि पायांच्या झटक्यांमुळे अर्धी रात्र जागणाऱ्याचा रिपोर्ट असा फसवा निघतो.

त्याहून मोठी उणीव कार्बन डायऑक्साइडची. मानेच्या दुखापतीत बरगड्यांमधले स्नायू निकामी होतात आणि श्वासाचा भार जवळपास एकट्या छाती-पोटामधल्या पडद्यावर (डायफ्रॅम) येतो. मग झोपेत श्वास थांबला नाही तरी उथळ होतो आणि रक्तात हा वायू साठत जातो. साध्या किटमध्ये ते मोजलंच जात नाही. श्वसनाचे स्नायू दुबळे असल्याची शक्यता असेल तर घरची नको, लॅबमधली पूर्ण तपासणी करा, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. लॅबमध्ये त्वचेवर सेन्सर लावून कार्बन डायऑक्साइड मोजता येतो, पण प्रत्येक लॅबकडे तो असेलच असं नाही. नसेल तर तिथवर जाण्याचा निम्मा फायदा गेला.

आणि जाणं सोपं नाहीच. लॅब चालत्या-फिरत्या माणसाच्या हिशेबाने मांडलेली असते. पलंगाची उंची किती, व्हीलचेअर दारातून जाते का, सोबतचा माणूस रात्रभर खोलीत राहू शकतो का, हे फोनवरच विचारून घ्या. डोक्याला-हनुवटीला-पायांना वायरी लावल्यावरही कूस बदलावीच लागते, नाहीतर बेडसोअर व्हायचा. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर असेल तर टेक्निशियनला कागदावर लिहून द्या: मूत्राशय भरलं किंवा कॅथेटर अडकला की रक्तदाब एकदम चढतो, डोकं ठणकतं, घाम फुटतो, लगेच उठवून बसवा आणि कॅथेटर बघा.

माझं मत सरळ आहे. दुखापत कमरेची असेल, श्वास चांगला असेल आणि तक्रार घोरण्याची असेल तर घरची तपासणी पुरे. दुखापत मानेची असेल तर घरच्या रिपोर्टमधला ‘आहे’ माना, ‘नाही’ मानू नका.

उपचाराच्या मशीनचं थोडक्यात. घसा मिटत असेल तर सीपॅप, म्हणजे मास्कमधून सतत दाबाने हवा देणारं मशीन. कार्बन डायऑक्साइड साठत असेल तर सहसा बायपॅप (श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं), आणि ते महाग पडतं. मानेच्या दुखापतीच्या रुग्णांवर ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने झालेल्या एका मोठ्या चाचणीत सीपॅपने दिवसाची गुंगी कमी झाली, लक्ष आणि स्मरणशक्तीत मात्र ठळक फरक दिसला नाही. मशीन वापरलं गेलं रात्री सरासरी जेमतेम तीन तास. मास्क नीट बसवण्यात वेळ घालवा. हात उचलता येत नसेल तर नाक-तोंड झाकणारा मास्क शक्यतो टाळा, कारण उलटी झाली तर तो काढणार कोण? फुंकरीवर वाजणारी बेल उशाशी हवी. लाइट जाणाऱ्या गावात इन्व्हर्टर लागेल. गरम ह्युमिडिफायर बंद ठेवला तर बॅटरी जास्त टिकते.

राहिल्या गोळ्या. मेंदूकडून मेलाटोनिनचा (रात्री झोप आणणाऱ्या हार्मोनचा) निरोप मानेतून खाली उतरून पुन्हा वर जातो. मानेतली दुखापत पूर्ण असेल तर हा रस्ताच तुटतो आणि रात्रीचं मेलाटोनिन जवळपास वाढतच नाही. त्यामुळे अशांना ते देण्याला आधार आहे, अभ्यास छोटे असले तरी. झोपेच्या गोळीचं तसं नाही. क्लोनाझेपाम, डायझेपाम श्वास मंद करू शकतात, त्यात बॅक्लोफेनचा (स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या गोळीचा) मोठा डोस असेल तर जास्तच. रिपोर्ट हाती येईपर्यंत यांचा डोस वाढवून घेऊ नका. आणि घाबरून बॅक्लोफेन एकदम बंदही करू नका, त्याने फिट येऊ शकते. तपासणीच्या रात्री नेहमीच्या कोणत्या गोळ्या घ्यायच्या, ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.