वरून आय-सेव्हन, आत भलतंच: छोटा डेस्कटॉप घेताना माझी झालेली फसवणूक

रावेरच्या एका केळी निर्यातदाराच्या 13 किलोच्या बॉक्सचं डिझाइन मी तीन आठवडे करत होतो. सकाळी फाइल प्रेसला द्यायची म्हणून एप्रिलमधल्या एका रात्री शेवटची नजर टाकायला बसलो, तर फोटोशॉपने फाइल उघडलीच नाही. नाव बरोबर, आकार बरोबर, 840 एमबी. आत मात्र काहीच नाही. त्याच फोल्डरमधल्या आणखी अकरा फाइलींची तीच गत. मला वाटलं व्हायरस शिरला. तो व्हायरस नव्हता. ज्या ड्राइव्हवर मी अडीच महिने काम साठवत होतो ती ड्राइव्हच बनावट होती, आणि ज्या मशीनमध्ये ती बसवली होती तेही सांगितलं होतं ते नव्हतं.

मी अमळनेरला घरूनच डिझाइनचं काम करतो. लग्नपत्रिका, हळदीचे बॅनर, दुकानांचे बोर्ड, कधी पॅकिंगचं काम. जुना टॉवर पीसी सात वर्षं चालला आणि मग त्याचा मदरबोर्ड गेला. छोटा डेस्कटॉप घ्यायचं डोक्यात येण्यामागे कारणं होती आणि ती आजही मला बरोबरच वाटतात. आमच्या घरात कामाची जागा म्हणजे पलंग आणि खिडकीमधला चार फुटांचा कोपरा. उन्हाळ्यात लाइट जाते, तेव्हा जुन्या टॉवरचा भार इन्व्हर्टरला झेपायचा नाही. या छोट्या डेस्कटॉपच्या डब्याचा अडॅप्टर 65 वॅटचा असतो. शिवाय जळगावला प्रेसवर बसून रंग जुळवायचे असले तर पिशवीत टाकून नेता येतो.

प्रश्न एवढाच होता की माझं काम त्याला झेपेल का. पत्रिका आणि लोगो म्हणजे कोरल या प्रोग्रॅममधलं काम, ते साध्या मशीनवरही होतं. खरा भार फ्लेक्सचा. 20 बाय 10 फुटांचा बॅनर 72 रिझोल्यूशनला (इंचाला 72 पिक्सेल) धरला तरी 17,280 बाय 8,640 पिक्सेल होतात. सीएमवायके या छपाईच्या चार रंगांच्या पद्धतीत एका पिक्सेलला चार बाइट, म्हणजे एकच भरलेला लेयर मेमरीत जवळपास 600 एमबी जागा खातो. त्यात नवरा-नवरीचा फोटो, मागे पैठणीची किनार, कडेने पाहुण्यांचे वीस-पंचवीस चेहरे. 8 जीबी रॅमवर हे होत नाही, 16 तर हवीच. हा हिशोब मी नीट केला होता. म्हणूनच फसलो याचं जास्त वाईट वाटतं. काय हवं ते मला ठाऊक होतं; समोर आलेली वस्तू तीच आहे का, एवढं तपासायचं राहून गेलं.

संक्रांतीच्या सुमारास मोबाइलवर जाहिरात दिसली. "डिझायनर स्पेशल" मिनी पीसी, आय-सेव्हन प्रोसेसर, 16 जीबी रॅम, 1 टीबी एसएसडी, एक वर्षाची वॉरंटी, 27,500 रुपये. दुकान पुण्याचं सांगितलं. माणूस गोड बोलायचा, "दादा, दादा" करायचा, अहिराणीतले दोन शब्दही टाकायचा. त्याने व्हिडिओ कॉलवर मशीन चालू करून विंडोजचं 'अबाउट'चं पान दाखवलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: आय-सेव्हन 8700टी. मी म्हटलं, जळगावला कोणाकडे ओळखीत असेल तर आधी हाताळून बघतो. तो म्हणाला, शेवटचे दोन नग आहेत, आज पैसे टाकले तर बॅग फुकट. मी क्यूआर स्कॅन केला. पैसे पाठवताना दुकानाचं नाव न येता एका व्यक्तीचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, "मालकाचं खातं आहे." आणि मी पिन टाकला.

चार दिवसांत खोका आला. बिल होतं, त्यावर जीएसटी नंबरही होता. तो 07 ने सुरू होत होता. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27 आणि 07 म्हणजे दिल्ली. पुण्याच्या दुकानाच्या बिलावर दिल्लीचा नंबर का, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. जीएसटीच्या सरकारी साइटवर नंबर टाकला की धंद्याचं नाव समोर येतं, पैसेही लागत नाहीत. मी तो टाकून पाहिला तो तीन महिन्यांनी. तिथे भलत्याच धंद्याचं नाव निघालं.

पहिला महिना बरा गेला, कारण पत्रिकांचंच काम होतं. मार्चपासून मोठे बॅनर सुरू झाले आणि मशीन दमायला लागलं. एक फिल्टर लावला की मिनिटभर गोल फिरत राहायचं. आपल्याकडच्या उन्हात दुपारी खोली तापलेली असते, डबा तर हात लावता येणार नाही इतका गरम व्हायचा. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "दादा, खानदेशचं ऊन आहे, एसीत ठेवा." मला ते पटलंही. प्रोसेसर फार तापला की स्वतःचा वेग कमी करून घेतो हे खरंच आहे, आणि छोट्या डब्यात हवा खेळायला जागा कमी असते. त्याचं अर्धसत्य आपल्या उन्हाशी इतकं जुळत होतं की मी टेबल फॅन डब्याकडे वळवला आणि गप्प बसलो.

बॉक्सची फाइल गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने जळगावला गेलो. गोलाणी मार्केटमध्ये एक दादा आहेत, वीस वर्षं दुरुस्ती करतात. मशीनवर "काढल्यास वॉरंटी रद्द" असं चकचकीत स्टिकर होतं, त्याला भिऊन मी स्क्रू कधी खोललेच नव्हते. दादांनी आधी खोललंही नाही. मशीन बंद केलं, चालू करताना की दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन स्वतःची माहिती दाखवतं त्या पानावर, गेले आणि बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं: आय-फाइव्ह 6500टी.

तो प्रोसेसर 2015 चा. सहावी जनरेशन, चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), चारच थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). मला सांगितलेल्या 8700टी ला सहा कोअर आणि बारा थ्रेड असतात. मग विंडोजमध्ये आय-सेव्हन कसं दिसत होतं? प्रोसेसरचं नाव विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, एका ओळीत साठवलेलं असतं आणि 'अबाउट'चं पान तिथूनच ते वाचतं. ती ओळ बदलली की नाव बदलतं. मशीन पुन्हा सुरू झालं की खरं नाव परत येतं, म्हणून त्या माणसाने सुरू होतानाच आपोआप चालणारा एक छोटा प्रोग्रॅम आत लपवला होता. तो दर वेळी खोटं नाव पुन्हा लिहायचा. दादांनी तो बंद केला, मशीन पुन्हा चालू केलं आणि आय-सेव्हन गेलं. टास्क मॅनेजरमध्ये कोअरचा आकडा पहिल्या दिवसापासून चारच होता. तो मी रोज बघत होतो.

विंडोज 11 इंटेलच्या सहाव्या जनरेशनवर अधिकृतपणे चालत नाही, आठवीपासून पुढे चालतं. विंडोज 10 ला कंपनीकडून मिळणारे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले. म्हणजे ही जुनी मशीनं आता कोणाला नकोशी, आणि खोटं नाव लावून ती खपवायला मोकळीक. माझ्यातलं विंडोज 11 तपासणी चुकवून बसवलेलं होतं.

मग दादांनी झाकण काढलं. रॅम मात्र खरी निघाली, 16 जीबी. पण एकाच स्टिकमध्ये, दुसरा स्लॉट रिकामा. वेगळं ग्राफिक कार्ड नसलं की पडद्यावर चित्र उमटवायलाही तीच रॅम वापरली जाते, त्यामुळे 16 ची एक लावण्यापेक्षा 8 च्या दोन जोडीने लावल्या तर मशीन जास्त पळतं. विंडोज एका छोट्या वेगळ्या ड्राइव्हवर होतं. "1 टीबी" ड्राइव्ह दादांनी माझ्या तळहातावर ठेवली. इतकी हलकी की रिकाम्या काडेपेटीसारखी वाटली. खोलली तर कवचाच्या एका कोपऱ्यात बोटाएवढं सर्किट आणि बाकी सगळं पोकळ. वाचण्यासारखं जे होतं ते कॉपी करून घेतलं आणि एच2टेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रॅमने तिच्यावर डेटा भरून परत वाचून पाहिला. खरी जागा सुमारे 119 जीबी निघाली. अशी ड्राइव्ह आकडा 1 टीबीचा सांगते आणि खरी जागा संपली की नवीन डेटा जुन्यावरच लिहीत सुटते. फाइलींची यादी शाबूत राहते, आतलं काम पुसलं जातं. म्हणून फाइल 840 एमबीची दिसत होती आणि उघडत नव्हती.

निर्यातदारांना मी खरं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण कंटेनरची तारीख ठरलेली होती, काम दुसऱ्याकडे गेलं. घरी अप्पांना सांगताना मला मान वर करता येईना. अप्पा दरवर्षी सारंगखेड्याच्या यात्रेला, तिथल्या जनावरांच्या बाजाराला जातात. ते एवढंच म्हणाले, "बैल लेतस तं दात दखतस ना रे भाऊ?" म्हणजे, बैल घेताना दात बघतात ना?

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे गेल्यागेल्या हा फोन केला तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. माझे अडीच महिने उलटून गेले होते, खातं रिकामं होतं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, वस्तू 5 लाखांपर्यंतची असेल तर फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. माझी गाडी पत्त्यावर अडली आहे. बिलावरचा पत्ता खोटा निघाला, नोटीस बजावायची कोणाला? पोलिसांनी बँकेकडून खातेदाराची माहिती मागवली आहे, ती आली की मी अर्ज करणार आहे.

छोट्या डेस्कटॉपवर माझा राग नाही. जूनमध्ये मी पुन्हा छोटाच घेतला, वापरलेलाच, जळगावच्या दुकानातून, 19,000 ला. आय-फाइव्ह 8500टी, सहा कोअर, 8 च्या दोन रॅम. जाताना पेनड्राइव्हवर माझा 20 बाय 10 चा बॅनर नेला आणि दुकानातच उघडून, फिरवून, दोन तास काम करून पाहिलं. बायोस बघितलं, प्रोसेसरची माहिती दाखवणारा सीपीयू-झेड हा प्रोग्रॅम चालवला, झाकण उघडायला लावलं. दुकानदाराने आढेवेढे घेतले असते तर तसाच परत आलो असतो. त्यांनी स्वतःच स्क्रू ड्रायव्हर पुढे केला. पत्रिका, बॅनर, पॅकिंग सगळं त्यावर होतं. व्हिडिओचं काम मात्र मी त्यावर घेत नाही, त्याला ग्राफिक कार्डवालं मोठं मशीन लागतं. रोजचं काम रात्री बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करतो.

जुना डबा त्याच खोक्यात बांधून ठेवलाय. स्टिकर, बिल, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, दादांनी काढून दिलेला बायोसचा फोटो, सगळं त्यातच. कोणी तो सुट्ट्या भागांसाठी मागितला होता. दिला नाही, तक्रार निकाली निघेपर्यंत तो कपाटावरच राहील.