सप्ताहाच्या सीडीवर स्टिकर लावावे की थेट छपाई करावी?

गावोगावच्या हरिनाम सप्ताहांतील कीर्तनांच्या सीडी घरी तयार करून श्रोत्यांना देण्याचे काम मी परभणी परिसरात काही वर्षांपासून करीत आहे. मोबाइल घरोघरी पोहोचला असला, तरी जुन्या जीपमधील प्लेअर अजून वाजतात आणि ज्येष्ठ मंडळींना सीडीच हाताशी बरी वाटते. सात दिवसांची कीर्तने आणि आठव्या दिवशीचे काल्याचे कीर्तन, प्रत्येकी दोन तासांचे धरले, तर सोळा तास होतात. एमपीथ्री 128 केबीपीएसची (म्हणजे दर सेकंदाच्या आवाजासाठी 128 किलोबिट जागा घेणारी) केली, तर 700 एमबीच्या सीडीवर साधारण बारा तासच बसतात. 96 केबीपीएसला मात्र सगळा सप्ताह एका सीडीत मावतो आणि बोलण्याच्या आवाजाला तेवढे पुरते. मग कोणत्या दिवशी कोणते महाराज उभे राहिले आणि सेवेला कोणता अभंग घेतला, हे सीडीवरच वाचता यायला हवे. मार्करने इतका मजकूर लिहिणे शक्य नाही, म्हणून इंकजेट प्रिंटर आला. आणि प्रिंटर आला की स्टिकर की थेट छपाई, हा प्रश्न उभा राहतो.

स्टिकरच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. घरात असलेला कोणताही इंकजेट त्यासाठी चालतो, सीडी साधी चालते आणि ए4 आकाराच्या एका कागदावर दोन गोल स्टिकर निघतात. छायाचित्र छापायचे असेल, तर चकचकीत स्टिकरवर ते फार देखणे उठते. थेट छपाईसाठी सीडीचा ट्रे घेणारा प्रिंटर लागतो, उदाहरणार्थ एप्सनचा एल805 किंवा एल8050. शिवाय वरून पांढऱ्या थराच्या ‘प्रिंटेबल’ सीडी घ्याव्या लागतात, ज्या साध्या सीडीपेक्षा महाग पडतात आणि तालुक्याच्या दुकानात सहसा मिळत नाहीत. केवळ सुरुवातीचा खर्च पाहिला, तर स्टिकरच स्वस्त आहे, हे मान्य केले पाहिजे.

माझा निर्णय मात्र खर्चावर झाला नाही, तो स्टिकरच्या कडेवर झाला. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43 अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत तर त्याहून कितीतरी अधिक तापते. त्या उष्णतेने गोंद सैल होतो, कागद आक्रसतो आणि स्टिकरची कड नखभर वर येते. घरच्या ट्रेच्या प्लेअरमध्ये अशी सीडी एखादे वेळी चालूनही जाते. पण गाडीतील प्लेअर सीडी फटीतून आत ओढतो, आणि तेथे ती उचललेली कड अडकून बसते. मी दिलेल्या सीडी अशा अडकल्याच्या तक्रारी उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा आल्या. ज्याने श्रद्धेने कीर्तन मागून नेले, त्याच्या गाडीचा प्लेअर त्या सीडीमुळे उघडावा लागावा, हे मला फार लागले.

बरे, कड उचलली म्हणून स्टिकर काढून टाकावे, तर तेही जमत नाही. सीडीतील ध्वनिमुद्रण चमकत्या बाजूला असते असा पुष्कळांचा समज असतो, परंतु ते असते वरच्या बाजूला. 1.2 मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकच्या माथ्यावर रंगद्रव्याचा थर, त्यावर परावर्तक धातूचा थर आणि त्यावर केवळ लॅकरचा पातळ लेप असतो, आणि स्टिकर चिकटते ते नेमके या लेपाला. ते ओढले की धातूचा पापुद्रा बरोबर निघतो आणि कीर्तन कायमचे जाते. डीव्हीडीत नोंदीचा थर 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध सुरक्षित असतो हे खरे, पण तिच्यातील नोंदीच्या गोलाकार रेषा, म्हणजे मार्ग, 0.74 मायक्रॉन अंतरावर, म्हणजे सीडीच्या 1.6 मायक्रॉनच्या निम्म्याहून कमी अंतरावर असल्याने, स्टिकर किंचित तिरके बसले किंवा त्याच्या ताणाने चकती वाकली, तर ती लवकर अडखळते. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेच्या 2003 मधील मार्गदर्शिकेतही, दीर्घकाळ जपायच्या चकत्यांवर चिकट लेबले लावू नयेत, असेच सांगितले आहे.

थेट छपाईतही उणिवा आहेत. या प्रिंटरची शाई पाण्यात विरघळणारी असते, त्यामुळे साध्या प्रिंटेबल सीडीवर ओला हात लागला की अक्षरे पसरतात; सप्ताहाच्या मंडपात प्रसादाचे हात लागणारच. पाणी न धरणाऱ्या चकचकीत थराच्या सीडी मिळतात, त्या परवडत असतील तर अवश्य घ्याव्यात. पावसाळ्याच्या दमट हवेत शाई सुकायला वेळ लागतो, तर कोरड्या उन्हाळ्यात प्रिंटर बंद पडून राहिला तर हेडमध्ये शाई वाळते, म्हणून आठवड्याला एखादे रंगीत पान काढत राहावे लागते. पण हे सगळे त्रास माझ्या घरात, माझ्या टेबलावर होतात. सीडी नेणाऱ्याच्या वाट्याला ते येत नाहीत, आणि माझ्या लेखी हा फरक मोठा आहे.

घरच्या कपाटातच राहणाऱ्या दोन-चार सीडींसाठी नवा प्रिंटर घ्यावा, असे मी म्हणणार नाही. तेथे स्टिकर कदाचित पुरेसे ठरेल. वाटण्यासाठी करायच्या असतील, तर मात्र मी थेट छपाईकडे झुकेन. प्रिंटेबल सीडी घेताना पांढरा थर मधल्या छिद्राजवळपर्यंत आला आहे ना, हे पाहून घ्यावे, कारण काहींचा थर 46 मिलिमीटरच्या वर्तुळापासून सुरू होतो आणि मग आठ दिवसांची नावे दाटीवाटीने बसवावी लागतात. आधी सीडी राइट करावी, ती वाजवून तपासावी आणि मगच छापावी, म्हणजे बिघडलेल्या सीडीवर शाई वाया जात नाही. छापलेली सीडी रात्रभर उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी पाकिटात घालावी.