केंद्राचा ऑनलाइन साहित्यसंग्रह: ड्राइव्ह, शीट आणि फॉर्मवर चालवून वर्ष होत आलं

आधीच सांगतो, हे विकतचं अ‍ॅप वगैरे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या केंद्रातल्या (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या) झेडपीच्या शाळांनी (बहुतेक द्विशिक्षकी) मिळून वर्कशीट, शब्दकार्डं, सरावाचे प्रश्न एका जागी ठेवायला गूगल ड्राइव्ह, एक शीट आणि एक फॉर्म एवढ्यावर उभं केलंय, खर्च शून्य. त्याआधी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, कुणीतरी भारी काहीतरी दाखवणार, सगळे "सर ग्रुपवर टाका ना" म्हणणार, ते गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली जाणार आणि जूनमध्ये परत तोच मेसेज, चौथीच्या गणिताची ती पीडीएफ कुणाकडे आहे का.

दीक्षा हे सरकारचं मोफत शालेय साहित्याचं पोर्टल असताना हे कशाला, असं पहिल्याच बैठकीत विचारलं गेलं. रास्त आहे. दीक्षा २०१७ पासून आहे, बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य समोर येतं, ही कल्पना मला आजही आवडते. एनसीईआरटीचा ऑनलाइन साहित्यसंग्रह एनआरओईआर तर २०१३ चा. पण आम्हाला हवं होतं ते जरा वेगळं, म्हणजे दोन-दोन वर्ग एका खोलीत सांभाळताना चालेल, ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्सवर नीट दिसेल आणि वर्डमध्ये उघडून आकडे बदलता येतील असं.

फोल्डर बनवायला काहीच लागत नाही हो, घाम निघतो तो शीट भरताना. इयत्ता, घटक, कुणी बनवलं, आणि अध्ययन निष्पत्तीचा (त्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं, त्याचा) क्रमांक. हा क्रमांक सक्तीचा केल्यावर कुरकुर झाली, पण ०३.७१ टाकलं की तिसरीचं गणित सगळं एका फटक्यात पुढ्यात येतं, त्यामुळे आता कुणी बोलत नाही. सगळ्यात कामाचा रकाना मात्र शेवटचा, "वर्गात काय झालं". हातच्याच्या वजाबाकीच्या एका वर्कशीटपुढे एका ताईंनी लिहिलंय, "४०३ वजा १६८ ला मुलं अडकली, मधे शून्य आहे, दशकाकडे मागायला जातात तर तिथे काहीच नाही. आधी शतकाचा गठ्ठा सोडून दहा दशक करून दाखवा, मग कागद द्या." हे वाचून मी काड्यांचे गठ्ठे घेऊनच वर्गात गेलो. नुसती पीडीएफ असती तर वर्कशीट अवघड आहे म्हणून सोडून दिली असती.

आता डोकेदुखी. जुनं साहित्य निम्मं कृतिदेव नाहीतर श्रीलिपी या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधलं, दिसायला मराठी पण सर्चमध्ये "गुणाकार" टाकलं तर शून्य रिझल्ट, आणि ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला वर्ड फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून आता नियम, शीटमधलं नाव आणि वर्णन युनिकोडमध्येच, मग आत काहीही असू दे.

दुसरं म्हणजे कॉपीराइट. गाइडची पानं मोबाइलवर स्कॅन करून टाकणारे खूप. ती सरळ काढतो, वाद होतो, होऊ दे. स्वतः बनवलेलं असेल तर फॉर्ममध्येच सीसी बाय-एसए या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्यावर टिक करून घेतो, म्हणजे नाव ठेवून कुणीही बदलावं आणि बदललेलं त्याच अटीवर पुढे द्यावं. बाहेरून घेतलेल्याच्या परवान्यात एनडी (नो डेरिव्हेटिव्ह्ज) दिसलं तर भाषांतर करून ठेवायचं नाही, कारण बदल करून वाटायला त्यात परवानगीच नसते. हे समजावण्यात एक अख्खी परिषद गेली.

आणि बदल्या! फॉर्मवरून चढवलेली फाइल फॉर्म ज्याचा त्याच्या ड्राइव्हमध्ये जाते, १५ जीबी फुकट, त्यातच त्याचे मेल आणि फोटो. म्हणून केंद्राच्या नावाचं वेगळं खातं काढलं. पासवर्ड तिघांकडे, पण रिकव्हरीचा मोबाइल नंबर बदली झालेल्या सरांचाच राहिलेला, नवीन फोनवर लॉगिन करायला गेलो तर ओटीपी दुसऱ्या तालुक्यात. बरं, सरांनी फोन उचलला. तुम्ही करणार असाल तर नंबर आधी बघा.

व्हिडिओ आम्ही साठवत नाही, फक्त लिंक, आणि त्या दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत उघडून बघतो. नवीन आलेलं दोघांनी पाहिल्याशिवाय शीटमध्ये चढत नाही, त्यामुळे साठतं. देणारे तेच चार-पाच जण, घेणारे सगळे, पण ते कुठे नसतं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण एवढे रकाने मोबाइलवर आडवे सरकवत बघायचे म्हणजे वैताग, आणि आमच्याकडे सगळे मोबाइलवरच. त्यावर उपाय म्हणून गूगल साइट्सवर इयत्तावार पानं केलीत, नुसतं नाव आणि लिंक. ती हातानेच अपडेट करावी लागतात, तिसरी-चौथीची ताजी आहेत, दुसरीचं पान मात्र अजून ऑगस्टमध्येच अडकलंय.